मधमाश्यांसाठी रानफुले : नव्या स्वयंसेवकांसाठी काही अनुभव

पुण्यातील एका टेकडीच्या पायथ्याशी अर्धा एकर पडीक जागेवर मधमाश्यांसाठी रानफुले वाढवण्याच्या कामात मी सहभागी झालो, तेव्हा बिया पेरायच्या आणि पाणी घालायचे, एवढेच काम असेल अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात पावसाळ्याचे पहिले दोन महिने आम्ही फक्त उपटत होतो. गाजरगवत फुलावर येण्याआधी मुळासकट काढावे लागते आणि त्यामुळे अनेकांच्या अंगावर पुरळ उठते, म्हणून हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा हवाच. नारिंगी कॉसमॉस उपटायला मन धजत नव्हते, कारण त्यावरही माश्या येतात; परंतु मेक्सिकोकडून आलेली ही वनस्पती एकदा पसरली की तेरडा, सोनकी आणि कुर्डू यांना उगवायला जागाच उरत नाही. म्हणूनच बाजारात 'रानफुलांचे मिश्रण' म्हणून मिळणारी पाकिटे आणू नयेत, त्यांत अशाच परक्या फुलांचे बी असू शकते, असे मी आग्रहाने सांगेन.

पहिल्या वर्षी आमच्या हातून मोठी चूक झाली. जागा नीटनेटकी दिसावी म्हणून आम्ही सप्टेंबरअखेर सगळे गवत कापले आणि त्याबरोबर न पिकलेले बीही गेले, त्यामुळे पुढच्या पावसाळ्यात सोनकी जेमतेम उगवली. आता बी गळून पडेपर्यंत आम्ही विळा लावत नाही. तेरड्याची पिकलेली बोंडे स्पर्श होताच फुटून बिया उधळतात, म्हणून ती पिकण्याच्या बेतात असतानाच त्यांवर कागदी पुडी बांधावी.

मधमाश्या म्हटले की आपल्याला पोळे आठवते. परंतु सातेरी, फुलोरी आणि आग्या या पोळे करणाऱ्या मधमाश्यांखेरीज एकट्या राहणाऱ्या कितीतरी माश्या या जागेवर येतात. निळ्या पट्ट्यांची माशी जमिनीत बीळ करते, तर काळा भुंगा वाळलेले लाकूड पोखरतो. तरवडाच्या फुलातील पराग परागकोशाच्या टोकाच्या छिद्रातून बाहेर पडतो आणि या दोघी माश्या अंगाच्या थरथरीने तो झाडून घेतात; सातेरीला ते जमत नाही. हे कळल्यावर आम्ही जागेचा एक उन्हाळलेला, उघडा तुकडा मुद्दाम तसाच ठेवला आणि वाळलेल्या फांद्या पेटवणे थांबवले. माझ्या मते लागवडीपेक्षाही हा निर्णय मोलाचा ठरला.

नव्याने येणाऱ्याने पहिल्या दिवसापासून वही ठेवावी आणि दर आठवड्याला एकाच वेळी, एकाच वाटेने फिरून कोणत्या फुलावर कोण आले हे लिहावे. नाव ठाऊक नसल्यास रंग, आकार आणि पट्टे नोंदवले तरी चालते. टेकड्यांचा बराच भाग वन विभागाच्या ताब्यात असल्यामुळे तेथे परवानगीवाचून खणू किंवा पेरू नये. आग्यामोहोळ दिसल्यास त्याच्या जवळ जाऊ नये, धूर करू नये आणि अत्तर लावून कामाला येऊ नये.

उन्हाळ्यात फुले कमी होतात, तेव्हा धायटी आणि करंज यांचा आधार असतो. म्हणून आम्ही कडेने दोन्हींची रोपे लावली आहेत. त्यांच्या सावलीत मातीची उथळ परळे ठेवतो आणि माश्या बुडू नयेत म्हणून त्यांत खडे घालतो. एप्रिल-मेमध्ये पाणी रोज बदलावे लागते आणि त्यासाठीच आम्हाला माणसे सर्वांत कमी पडतात.