नवतपा लागायच्या आधी: गेमिंग पीसीच्या उन्हाळ्याची तयारी

होळी झाली की अकोल्यात घरोघरी कूलरच्या ताट्या बदलायचं काम निघतं. टाकी घासायची, पंप सुरू करून पाणी वर चढतंय का बघायचं, जुन्या ताट्या बाहेर काढायच्या. त्याच रविवारी गेमिंग पीसीसुद्धा उघडावा, असं मी ओळखीतल्या सगळ्या पोरांना सांगतो. मेच्या शेवटी नवतपा, म्हणजे उन्हाळ्याचे सगळ्यात तापलेले नऊ दिवस, लागला की पारा ४४-४५च्या आसपास ठाण मांडतो आणि मग फोन सुरू होतात: गेम मध्येच अडकतोय, पंखा किंचाळतोय, प्रोसेसर ८५ दाखवतोय, जळेल का? त्या घाईत कुणी पेस्ट (प्रोसेसर आणि त्याच्यावरच्या कूलरमध्ये उष्णता वाहून नेणारी मलई) भलतीकडेच फासतं, कुणी गरज नसताना नवा कूलर मागवतं. हे सगळं मार्चमध्ये निवांतपणे करता येतं. आणि हो, आमच्याकडे नुसतं कूलर म्हटलं की खिडकीतलाच समजतात. इथे प्रोसेसरवर बसतो त्याला कूलर म्हणतो, दुसऱ्याला खिडकीतला कूलर.

पहिलं काम स्क्रू-ड्रायव्हरचं नाही, वहीचं आहे. भिंतीवर लावायचा साधा थर्मामीटर आणा आणि कॅबिनेटच्या, म्हणजे पीसीच्या पेटीच्या, पुढच्या जाळीजवळ, जिथून हवा आत जाते तिथे ठेवा. पीसीत एचडब्ल्यूइन्फो टाका, आतलं तापमान दाखवणारं हे सॉफ्टवेअर फुकट आहे. मग तुम्ही रोज खेळता तोच गेम अर्धा तास खेळा आणि दोन आकडे लिहा: खोली किती होती, प्रोसेसर किती होता. दोन्हींमधला फरक काढा. माझ्या दृष्टीने सगळ्या तयारीचा कणा हा फरक आहे. कूलर हवेवरचा असो की पाण्यावरचा, तो प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. खोलीच्या वर किती अंशांवर त्याला थोपवून धरतो, एवढंच त्याच्या हातात असतं. काम तेवढंच आणि पंख्याचा वेग तेवढाच असेल, तर हा फरक जानेवारीत आणि मेमध्ये जवळपास सारखाच राहतो. थंडीत खोली २० आणि प्रोसेसर ६२ असेल, तर फरक ४२. मेमध्ये दुपारी खोली ३८ झाली की तोच प्रोसेसर ८० दाखवणार, आणि त्यात काहीही बिघडलेलं नाही. पण ३८च्या खोलीत तो ९३ दाखवत असेल, तर फरक ५५ झाला. मधल्या काळात काहीतरी बदललंय: धूळ बसली, पेस्ट सुकली, पंखा मंदावला किंवा कूलर सैल झाला. नुसते ८० किंवा ९० बघून यातलं काहीच कळत नाही.

आकडा घाबरण्यासारखा आहे की नाही, हे तुमचा प्रोसेसर कोणता त्यावरही ठरतं. इंटेलच्या आय५-१२४००एफची कमाल मर्यादा १०० अंश आहे. एएमडीच्या रायझन ५ ५६००ची ९०, पण त्याच्याच भावाची, ५६००एक्सची, ९५. रायझन ७ ७८००एक्स३डीची ८९. ७६००एक्स तर असा बनवलाय की पूर्ण भार पडला की तो ९५पर्यंत जाऊन तिथेच काम करत राहतो; एएमडीच्या हिशेबात ते नेहमीचंच आहे. आपल्या प्रोसेसरची मर्यादा कंपनीच्या साइटवर बघा आणि वहीत पहिल्या ओळीत लिहा. गेममध्ये ६० ते ८० हा बहुतेकांचा पट्टा. उन्हाळ्यात ८५ दिसले तरी मर्यादेपासून दहा-बारा अंश लांब असाल तर खुशाल खेळा. नुसता डेस्कटॉप उघडा असताना खोलीपेक्षा १० ते २० अंश जास्त ठीक. रायझनवाल्यांना एक सांगणं: काहीच चालू नसताना आकडा सेकंदात ४०वरून ५५वर उडी मारतो आणि परत खाली येतो. तो प्रोसेसर क्षणभर जोर लावतो, दुसरं काही नाही.

मर्यादा गाठली की प्रोसेसर लगेच जळत नाही. आधी तो स्वतःचा वेग कमी करतो. एचडब्ल्यूइन्फोमध्ये थर्मल थ्रॉटलिंगच्या ओळीत तसं दिसतं आणि गिगाहर्ट्झचा आकडा घसरतो. वेग कमी करूनही भागलं नाही, तर पीसी आपोआप बंद होतो. म्हणजे खरं नुकसान आधी तुमच्या गेमचं होतं. तरी रोज दोन-दोन तास मर्यादेला टेकून चालवणं मला पटत नाही.

आता पीसी उघडा. त्याआधी एक छोटी चाचणी: बाजूची काच काढून तोच गेम वीस मिनिटं खेळा. काच काढल्यावर आकडा एक-दोन अंश उतरला तर ठीक. सात-आठ अंश उतरला, तर कूलर निर्दोष आहे. कॅबिनेटमध्ये हवा कोंडतेय. नवा कूलर घ्यायला निघालेल्या निम्म्या लोकांचे पैसे या एका चाचणीने वाचतील, अशी माझी खात्री आहे.

सफाईला पीसी गच्चीत किंवा अंगणात न्या. वायर काढलेली, पॉवर बटण एकदा दाबून उरलासुरला करंट उतरवलेला, हात कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला लावलेला. पुढची जाळी आणि खालचा फिल्टर साध्या पाण्याने धुवा आणि सावलीत पूर्ण वाळू द्या. कूलरच्या पातळ पत्र्यांमधली धूळ आधी रंगाच्या कोरड्या ब्रशने मोकळी करा, मग ब्लोअर मारा. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने किंवा आइस्क्रीमच्या काडीने धरून ठेवा. ती गरगर फिरताना बघायला पोरांना फार आवडतं, पण त्यात बेअरिंग खराब होतं. कूलरच्या पंख्याखाली, पत्र्यांच्या तोंडावर, धुळीचा नमद्यासारखा थर बसतो आणि तो वरून दिसत नाही. पंखा सोडवून खाली बघा.

यानंतर कूलर हलवून बघा. ही पायरी लोक वगळतात, म्हणून जरा सविस्तर सांगतो. माझ्या भाच्याने मागच्या वर्षी जुळवून आणलेला पीसी घेतला, १२४००एफ आणि त्याच्यासोबत डब्यात येणारा छोटा कूलर. एप्रिलमध्ये त्याचा फोन आला, "मामा, गेम सुरू केला की दोन मिनिटांत शंभर दाखवतो. दुकानदार म्हणतो उन्हाळाच आहे, कूलर मोठा घ्या." मी गेलो, काच काढली आणि कूलरचा एकेक कोपरा दोन बोटांनी हलकेच वर ओढून बघितला. तीन कोपरे घट्ट. चौथा, रॅमच्या बाजूचा, अलगद वर आला. या कूलरला चार काळ्या खुंट्या असतात. मदरबोर्डच्या भोकातून आरपार जाऊन मागे त्यांचे पांढरे पाय फाकले पाहिजेत. चौथीचे पाय मागच्या बाजूला बाहेरच आले नव्हते. कूलर एका बाजूने केसभर वर होता आणि पेस्टचा ठसा अर्ध्याच प्रोसेसरवर उमटला होता. जुनी पेस्ट पुसली, नवी लावली, समोरासमोरच्या दोन खुंट्या आधी आणि मग उरलेल्या दोन, अशा चारही दाबल्या, प्रत्येकीचा टक असा आवाज ऐकला. त्याच खोलीत, त्याच गेममध्ये, आकडा ७८वर आला. मोठा कूलर घ्यावाच लागला नाही. तेव्हापासून मी कुठलाही पीसी उघडला की आधी चारही कोपऱ्यांना हात लावतो.

पेस्ट दरवर्षी बदलायची गरज नाही. फरक वाढलाय, सफाई झालीय, पंखे ठीक आहेत, तरी आकडा उतरत नाही, तेव्हा बदला. किंवा कूलर काढलात तर बदलायचीच, एकदा उचलल्यावर जुनी पेस्ट परत बसत नाही. पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडे आयपीए म्हणून मिळतं. मध्यभागी वाटाण्याएवढा ठिपका पुरे. कूलरच्या दाबाने तो पसरतो. नव्या कूलरच्या बुडाला पारदर्शक संरक्षक कागद असतो, तो काढलाय ना हे स्वतःच्या डोळ्यांनी बघा. आणि ज्यांच्याकडे एएम४ सॉकेटचा रायझन आहे, म्हणजे ५६००, ५६००एक्स, ५८००एक्स वगैरे, त्यांनी कूलर थंड असताना सरळ वर ओढू नका. सुकलेली पेस्ट गोंदासारखी धरते आणि प्रोसेसर सॉकेटमधून उपटून कूलरसोबत वर येतो, त्याच्या पिना वाकतात. आधी दहा मिनिटं एखादा गेम चालवून गरम करा, पीसी बंद करून वायर काढा, मग कूलर डावीकडे-उजवीकडे हलका फिरवत सोडवा.

पंख्यांची दिशा बघायला अगरबत्ती सगळ्यात चांगली. पुढच्या जाळीजवळ धूर आत ओढला गेला पाहिजे, मागच्या आणि वरच्या पंख्याजवळ बाहेर ढकलला गेला पाहिजे. राख आत पडणार नाही एवढं सांभाळा. पुढे काच आणि तीन रंगीत पंखे असलेली कॅबिनेटं दिसायला सुंदर असतात, पण हवा काचेतून येत नाही; कडेच्या फटीतून जेवढी येईल तेवढीच. तशी कॅबिनेट असेल तर नवतप्यात बाजूची काच किंचित उघडी ठेवा आणि धुळीचा हिशेब पंधरा दिवसांनी सफाई करून चुकता करा. ग्राफिक्स कार्ड दोनशे वॉट खात असेल तर ती सगळी उष्णता कॅबिनेटमध्येच ओतली जाते आणि प्रोसेसरचा कूलर त्याच गरम हवेवर चालतो, म्हणून मागचा पंखा कधीच बंद नको.

प्रोसेसरवरचा कूलर पाण्याचा असेल तर त्याला कमी काम आहे. पंपाची वायर योग्य जागी आहे का आणि बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडता येणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) पंप पूर्ण वेगावर आहे का, ते बघा. रेडिएटरची, म्हणजे पाणी जिथे गार होतं त्या पट्टीची, जाळी झाडा. पंप रेडिएटरच्या सगळ्यात वरच्या टोकापेक्षा खाली असावा, नाहीतर हवेचा बुडबुडा पंपात अडकून खुडखुड आवाज येतो.

बायोसमध्ये दोन गोष्टी. एक, पंख्याची चाल, म्हणजे किती अंशांना तो किती वेगाने फिरतो ते. कंपनीची चाल बहुधा थंड हवामान गृहीत धरून ठेवलेली असते. मी ५० अंशांपर्यंत पंखा शांत ठेवतो, ७०ला सत्तर टक्के, ८०ला पूर्ण. उडी मारणाऱ्या आकड्यामागे पंखा सतत वर-खाली पळत असेल, तर प्रतिसादाला दोन-तीन सेकंदांचा विलंब लावा. दुसरी गोष्ट विजेची मर्यादा. आय५-१२४००एफ मुळात ६५ वॉटचा, जोर लावताना ११७ वॉटचा. पण काही मदरबोर्ड या मर्यादा मोकळ्याच सोडून देतात. त्या हाताने लावून टाका. रायझनवर त्यासाठी इको मोड आहे, तो प्रोसेसरची वीज कमी करतो. गेमिंगमध्ये प्रोसेसर क्वचितच पूर्ण भाराने चालतो, त्यामुळे फ्रेम्स (सेकंदाला दिसणारी चित्रं) फारशा कमी होत नाहीत, आकडा मात्र चांगला उतरतो. १४४ हर्ट्झचा मॉनिटर असेल तर गेमलाही १४४ फ्रेम्सची मर्यादा घाला. मॉनिटरला दाखवता न येणाऱ्या फ्रेम्ससाठी प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोन्ही तापवण्यात अर्थ नाही.

इंटेलच्या १३व्या किंवा १४व्या पिढीचा आय५-१३६००के, आय७, आय९ वगैरे असेल तर बायोस अपडेट केलेलं असलंच पाहिजे. जास्त व्होल्टेजमुळे हे प्रोसेसर कायमचे अस्थिर होत होते. इंटेलने २०२४च्या ऑगस्टपासून त्यावर मायक्रोकोड (बायोस अपडेटमधून प्रोसेसरला मिळणाऱ्या दुरुस्त्या) दिले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. झालेलं नुकसान अपडेटने भरून येत नाही, म्हणून गेम वारंवार बंद पडत असतील तर वाट न बघता वॉरंटीत द्या.

शेवटी खोली. लहानशा बंद खोलीत तीनशे-साडेतीनशे वॉटचा पीसी म्हणजे छोटा हीटरच. दोन तासांत खोली दोन-तीन अंशांनी चढते आणि पाठोपाठ प्रोसेसर. पीसी टेबलाच्या बंद कप्प्यात नको, भिंतीपासून वीतभर पुढे, पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीला तर नकोच. खिडकीतल्या कूलरने खोली ४०वरून ३०-३२वर आली तर प्रोसेसरही तेवढाच उतरेल. त्या हवेतल्या दमटपणाला घाबरू नका, पण कॅबिनेट थेट झोतात ठेवू नका. झोतात बारीक थेंब येतात, आणि आमच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे खारट पाण्याच्या भागात, ताट्यांवर जो पांढरा थर धरतो तो तुमच्या मदरबोर्डवरही धरेल. झोत आडव्या दिशेला वळवा आणि समोरचं दार उघडं ठेवा.

सगळं झालं की परत तोच गेम, तोच अर्धा तास, तोच थर्मामीटर. भाच्याच्या कॅबिनेटच्या मागच्या झाकणाच्या आत आता एक कागद चिकटवलाय. वर लिहिलंय: मर्यादा १००. त्याखाली तारीख, खोली ३५, गेममध्ये ७८, फरक ४३. त्याखालच्या ओळी रिकाम्या ठेवल्यात. या मार्चमध्ये त्याने स्वतः सफाई करून तिथे लिहिलं: खोली ३१, गेममध्ये ७३, फरक ४२.