अनसेफ टर्नचं तिकीट मिळालं तर: कॅलिफोर्नियात नवीन आलेल्यांसाठी

बाकीचं नंतर वाचलंत तरी चालेल, पण एवढं आत्ता वाचा. तिकीट, म्हणजे पोलिसांचं चलान, मिळालं त्याच रात्री कोर्टाच्या वेबसाइटवर जाऊन पैसे भरून मोकळे होऊ नका. नवीन जोडपं येतं, गाडी घेतात, पहिल्या काही महिन्यांत दोघांपैकी एकाला तिकीट मिळतं, आणि मला फोन येतो तो नेमका पैसे भरून झाल्यावर. "ताई, भरून टाकले, म्हटलं कटकट नको." अहो, कटकट तिथूनच सुरू होते. नुसते पैसे भरले म्हणजे गुन्हा मान्य केल्यासारखं होतं, कोर्टाच्या लेखी कन्व्हिक्शन म्हणजे दोषी ठरणं, डीएमव्हीच्या (आपल्या आरटीओसारखं खातं) रेकॉर्डवर एक पॉइंट, तो तीन वर्षं तिथेच राहणार आणि इन्शुरन्सवाले रिन्यूअलला तो बघणारच. पैसे भरताना ट्रॅफिक स्कूलचा (वाहतुकीच्या नियमांचा कोर्स) पर्याय वेगळा निवडावा लागतो, तोसुद्धा घाईघाईत राहून जातो. दंड भरायला तारीख दिलेली असते, तोवर कोणी दारात येत नाही. शांतपणे झोपा.

आता हे तिकीट नक्की कशाचं ते बघू. व्हेइकल कोडचं कलम २२१०७. त्यात दोनच गोष्टी आहेत. वळायचं किंवा लेन बदलायची ती पुरेशा सुरक्षितपणे करता येत असेल तेव्हाच, आणि त्याचा दुसऱ्या गाडीवर परिणाम होण्यासारखा असेल तर आधी इंडिकेटर द्यायचा. म्हणजे रडारवरचा आकडा नाही की कॅमेऱ्याचा फोटो नाही, ऑफिसरला ते वळण सेफ वाटलं नाही एवढ्यावर तिकीट फाटतं. म्हणून हे तिकीट लढण्यासारखं असतं असं माझं मत आहे. स्पीडिंगच्या तिकिटाला मी कोणाला लढ म्हणत नाही, तिथे गप ट्रॅफिक स्कूल करावं. पण अनसेफ टर्नमध्ये 'अनसेफ कोणाला झालं' हा प्रश्न विचारता येतो. कोणी ब्रेक मारला? कोणी गाडी बाजूला काढली? कोणीच नाही, तर मग अनसेफ काय होतं? आणि इंडिकेटर दिला नाही म्हणूनच २२१०७ लावलं असेल तर त्या वेळी जवळपास दुसरी गाडी होती का हे फार महत्त्वाचं ठरतं.

पण आधी तिकिटावरचा नंबर वाचा, ऐकीव माहितीवर जाऊ नका. डावीकडे वळताना समोरच्याला वाट दिली नाही तर २१८०१ असतं, पाटी असताना वळलात तर २२१०१, लाल दिव्याचं २१४५३. प्रत्येकाचा बचाव वेगळा. २२१०७ चा बचाव २२१०१ ला चालत नाही, तिथे पाटी होती की नव्हती, झाडाच्या फांदीमागे झाकली होती का, एवढाच वाद.

आपली माणसं सगळ्यात जास्त सापडतात ती बाइक लेनमुळे, म्हणजे सायकलींच्या लेनमुळे, हे मी सनीव्हेल, फ्रीमाँट सगळीकडे बघितलंय. उजवीकडे वळायचंय आणि कडेला बाइक लेन आहे, की त्यात चाक टाकलं तर पाप लागेल असं समजून गाडी बाहेरच ठेवतात आणि चौकात आल्यावर बाइक लेन ओलांडून एकदम वळतात. नियम नेमका उलटा आहे. वळणाआधीच्या २०० फुटांत, मान वळवून सायकलवाला नाही ना बघून, इंडिकेटर देऊन बाइक लेनमध्ये शिरायचं आणि कडेला लागून वळायचं. तिथे पांढरी रेघ तुटक होते ती त्यासाठीच. बाहेरून वळलात तर मागून सरळ येणारा सायकलवाला थेट तुमच्या दारावर. दुसरं म्हणजे मान वळवणं. आरशात बघितलं की झालं ही आपली सवय, इथे खांद्यावरून मागे बघितलं नाही तर ड्रायव्हिंग टेस्टमध्येच मार्क जातात आणि ऑफिसरही तेच बघत असतो. इंडिकेटर वळायच्या आधीचे १०० फूट तरी चालू पाहिजे, वळता वळता नाही. आणि फ्रीवेवर एक्झिट चुकतेय म्हणून शेवटच्या क्षणी दोन लेन कापून जायचं नाही, पुढच्या एक्झिटने गेलात तर पाच मिनिटं जातील एवढंच.

मागे दिवे लागले की उजवीकडे कडेला थांबा आणि गाडीतून उतरू नका. हे लिहायला लागतंय कारण आपल्याकडे उतरून साहेबांकडे जाऊन बोलणं म्हणजे अदब, आणि इथे तेच धमकीसारखं दिसतं. काच खाली, दोन्ही हात स्टिअरिंगवर, कागद काढायला ग्लोव्ह कंपार्टमेंटकडे हात न्यायचा तर आधी सांगून. पैशांबिशांचा विषय चुकूनही नाही, गमतीतसुद्धा नाही. २०२४ पासून ऑफिसरने आधी थांबवायचं कारण सांगायचं आणि मग प्रश्न विचारायचे असा नियम आहे, तेव्हा ते ऐकून घ्या. आणि मग कमी बोला. आपल्या लोकांचे दोन प्रकार, एक तिथेच कायदा शिकवायला लागतो आणि दुसरा "सॉरी ऑफिसर, आय डिड नॉट सी हिम" म्हणून मोकळा होतो. दुसरा जास्त महागात पडतो! ते वाक्य ऑफिसर लगेच स्वतःच्या कॉपीवर टिपून ठेवतो, आणि नंतर कोर्टात तुमचं हेच वाक्य तुम्हाला वाचून दाखवतो. नाव, लायसन्स, रजिस्ट्रेशन, इन्शुरन्स द्या, बाकी "ओके ऑफिसर" पुरे.

तिकिटावर सही करायची. सही म्हणजे गुन्हा कबूल नाही, दिलेल्या तारखेपर्यंत कोर्टाला उत्तर देईन एवढंच वचन आहे. सही नाकारली तर मात्र अटक होऊ शकते.

लायसन्सवरून आठवलं. भारताच्या लायसन्सवर वर्षभर चालवता येतं हे जे ग्रुपवर फिरतं ते इथे राहायला आलेल्या माणसाला लागू नाही. कॅलिफोर्नियात रहिवासी झाल्यापासून १० दिवसांत इथलं लायसन्स काढायचं असतं. अनसेफ टर्नसाठी थांबवलं आणि इथलं लायसन्सच नाही निघालं तर दुसरं कलम लागतं, आणि ते मिसडिमीनर, म्हणजे फौजदारी गुन्हा, म्हणूनही लावता येतं. तेव्हा कार घ्यायच्या आधी डीएमव्ही.

तिकिटाच्या तळाशी तारीख आणि कोर्टाचं नाव असतं, त्याचा फोनवर फोटो काढून ठेवा, तो पातळ कागद वॉशिंग मशीनमध्ये जातो हे मी बघितलंय. कोर्टाकडून नंतर पोस्टाने नोटीस येते त्यात रक्कम असते, पण त्या नोटिशीची वाट बघत बसू नका. नवीन माणसं वर्षात दोन अपार्टमेंट बदलतात आणि लायसन्सवर जुनाच पत्ता, नोटीस तिकडे पडून राहते. पत्ता बदलल्यावर १० दिवसांत डीएमव्हीला कळवायचं असतं, हे कोणीच करत नाही. नोटीस मिळाली नाही म्हणून तारीख माफ होत नाही. तारीख चुकवली तर १०० डॉलरपर्यंत जादा लागू शकतात आणि मुद्दाम टाळलं असं ठरलं तर साधं इन्फ्रॅक्शन (नुसत्या दंडावर भागणारी किरकोळ चूक) सोडून मिसडिमीनरचा विषय निघतो, जो व्हिसावर असलेल्याला अजिबात परवडणारा नाही.

त्याच संध्याकाळी करायची कामं. डॅशकॅम असेल तर कार्ड काढून घ्या, तो जुनं पुसून त्याच्यावरच नवीन रेकॉर्ड करत जातो, दोन दिवसांनी आठवलं तर काही उरलेलं नसतं. त्या जागी परत जाऊन, शक्यतो त्याच वेळी, फोटो काढा: तुमच्या लेनमधून काय दिसतं, ऑफिसरची गाडी होती तिथून काय दिसतं, मध्ये झाड, बस स्टॉप, उभा ट्रक काही येतं का, रेघा पुसट झाल्यात का. आणि घटना लिहून काढा, इंग्रजी जमेल तसं.

पैशांचं म्हणाल तर मूळ दंड ३५ डॉलर, ऐकून माणूस हसतो. मग त्याच्यावर राज्याचे, काउंटीचे, कोर्टाचे अधिभार चढत जातात आणि आकडा सव्वादोनशे-अडीचशे डॉलरच्या घरात जातो. या देशात कर वाढवायचं नाव काढलं की आरडाओरडा होतो, म्हणून मग दंडाच्या पावतीतून कोर्टाच्या इमारती बांधतात, असं माझं जुनं रडगाणं आहे. ते असो. खरंच परवडत नसेल, विद्यार्थी असाल किंवा नोकरी गेली असेल, तर दंड कमी करून मागायची किंवा हप्ते पाडून घ्यायची सोय आहे, कोर्टांची मायसायटेशन्स नावाची ऑनलाइन सेवा त्यासाठीच आहे. मागायला लाजू नका.

ट्रॅफिक स्कूल हा दुसरा मार्ग. पूर्ण दंड भरायचा, वर कोर्टाची फी आणि स्कूलची फी, पण पॉइंट झाकला जातो, इन्शुरन्सला दिसत नाही. १८ महिन्यांतून एकदाच मिळतं. म्हणून मी म्हणते की पहिल्याच फालतू तिकिटाला ते उडवू नका, नऊ महिन्यांनी खरंच चूक झाली तर हातात काही नसतं. आणि पॉइंटला हलकं घेऊ नका. कॅलिफोर्नियात तीन वर्षांत एकापेक्षा जास्त पॉइंट झाले की इन्शुरन्सचा गुड ड्रायव्हर डिस्काउंट जातो, तो २० टक्के असतो, म्हणजे दंडाची रक्कम त्याच्यापुढे काहीच नाही.

लढायचं असेल तर सगळ्यात सोपं म्हणजे लेखी ट्रायल, ट्रायल बाय रिटन डिक्लरेशन. फॉर्मचा नंबर टीआर-२०५. कोर्टात जायचं नाही, सुट्टी घ्यायची नाही, तुम्ही तुमचं म्हणणं लिहून पाठवायचं, ऑफिसर त्याचं पाठवतो आणि जज वाचून निकाल देतो. तारखेच्या आत मागायचं आणि दंडाएवढी रक्कम आधी भरायची, कागदावर तिला बेल म्हणतात, जिंकलात तर परत येते. इथे पैसे भरताय ते गुन्हा मान्य करून नाही, नॉट गिल्टी म्हणून भरताय, हा फरक डोक्यात ठेवा. मी वर ओरडत होते ते या दुसऱ्या भरण्याबद्दल नाही. ऑफिसरने लिहून पाठवलंच नाही तर बहुतेक वेळा केस निघून जाते. आणि हरलात तरी निकाल पोस्ट झाल्यापासून २० दिवसांत टीआर-२२० भरून नव्याने, प्रत्यक्ष कोर्टात ट्रायल मागता येते, आधीचा निकाल त्यात धरत नाहीत. दोन संधी मिळतात आणि लोक एकही घेत नाहीत.

त्या फॉर्मवर काय लिहायचं यावर मी बऱ्याच पोरांचे कागद तपासलेत. पहिला मसुदा ठरलेला असतो, मी नुकताच आलोय, इथले नियम नवीन आहेत, घरी लहान बाळ आहे, पुन्हा असं होणार नाही, कृपया माफ करा. हा माफीचा अर्ज झाला आणि यात गुन्हा मान्य करून टाकलाय तुम्ही. जजला बाळाशी घेणं नाही. असं लिहा: मी उजव्या लेनमध्ये ताशी अमुक वेगाने होतो, चौकाच्या इतके फूट आधी इंडिकेटर दिला, आरशात आणि खांद्यावरून बघितलं, मागची गाडी अंदाजे इतक्या अंतरावर होती, तिने ब्रेक लावला नाही, हॉर्न वाजवला नाही, ऑफिसरची गाडी क्रॉस स्ट्रीटवर होती आणि मध्ये डिलिव्हरी ट्रक उभा होता, फोटो क्रमांक दोन बघा. नकाशा काढा, पट्टी घेऊन, बाणांनी. शेवटी एक ओळ, दोषी ठरवलंत तर ट्रॅफिक स्कूलची परवानगी मिळावी. द्यायची की नाही ते जजच्या हातात, पण मागितलेलं बरं. आणि खोटं लिहू नका, खाली सही असते ती शपथेवर असते. इंडिकेटर दिला नसेल तर दिला म्हणू नका, जवळ गाडी नव्हती हे खरं असेल तर तेच लिहा.

प्रत्यक्ष कोर्टाची लोक उगाच धास्ती घेतात. ज्युरी नाही, बहुतेक वेळा सरकारी वकीलही नाही, तुम्ही, ऑफिसर आणि समोर जज किंवा कमिशनर (पोलिसांचा नव्हे, जजच्या जागी बसणारा कोर्टाचा अधिकारी). नावं पुकारतात, ऑफिसर आलाय का बघतात, आला नसेल तर बहुतेक केस तिथेच डिसमिस होते. आपल्यातले काही महाभाग फक्त या भरवशावर जातात, काही तयारी नाही, आणि ऑफिसर समोर बसलेला दिसला की तोंडचं पाणी पळतं. तो आलाय असं धरूनच जा. तो टिपणातून वाचून दाखवेल, मग तुम्हाला त्याला प्रश्न विचारता येतात. भारतातून आलेल्याला युनिफॉर्ममधल्या माणसाला उलटा प्रश्न विचारणं जमतच नाही पटकन, इथे तो तुमचा हक्क आहे आणि ऑफिसरलाही त्यात काही वाटत नाही. तुम्ही कुठे होतात, किती अंतरावरून बघितलं, कुठल्या गाडीला अडचण झाली, तिचा रंग, लेन. एका गाडीने ब्रेक मारला होता हे तुम्हाला माहीत असेल तर मात्र हा प्रश्न विचारायचा नाही! गुन्हा शंकेपलीकडे सिद्ध करायची जबाबदारी त्यांची आहे. ऑफिसरच्या टिपणांची कॉपी आधीच लेखी मागता येते, मागा. दुभाषी लागत असेल, आईबाबांपैकी कोणी चालवत असेल तर, कोर्ट मोफत देतं, पण मराठीचा शोधायला वेळ लागतो म्हणून आधीच कळवा.

वकील? एका पॉइंटसाठी गरज नाही. अपघात झाला असेल, कोणाला लागलं असेल किंवा आधीच दोन पॉइंट असतील तर मात्र मी सांगतेय त्यावर जाऊ नका, वकील करा.

आणि व्हिसा. साधं ट्रॅफिक इन्फ्रॅक्शन म्हणजे अटक नव्हे, एका अनसेफ टर्नने एच-१बी जात नाही, रात्री दोन वाजता गुगल करत बसू नका. मनात शंका असेल तर कंपनीच्या इमिग्रेशन वकिलाला मेल टाका, ऑफिसमधल्या तेलुगू मित्राला किंवा मला नाही. पण सिटिझनशिपच्या फॉर्मवर सायटेशनबद्दल, म्हणजे अशा तिकिटांबद्दल, विचारतात, आणि तोवर दहा-पंधरा वर्षं झालेली असतात, कोणत्या कोर्टात काय झालं हे कोणाला आठवत नाही. तिकीट, पावती, निकालाचं पत्र, केस डिसमिस झाली असली तरी, पीडीएफ करून पासपोर्टच्या स्कॅनशेजारी ठेवून द्या.