केस-कंट्रोल अभ्यासात कंट्रोल कसे निवडावेत आणि मॅचिंग किती करावे

केस-कंट्रोल अभ्यासात आजार झालेले (केस) आणि तो न झालेले (कंट्रोल) यांचा संशयित कारणाशी आधी किती संपर्क होता, याची तुलना करतात. त्यात रुग्ण कोणता, हे बहुधा प्रयोगशाळेचा अहवाल ठरवतो. अभ्यास बिघडतो तो कंट्रोल निवडताना. प्रबंधाला बसलेले विद्यार्थी पहिला प्रश्न हाच विचारतात, की कंट्रोल पूर्णपणे निरोगी असावेत का. तशी गरज नसते. ज्या लोकसमूहातून रुग्ण आले, त्या समूहात संशयित कारणाशी लोकांचा संपर्क एरवी किती असतो हे दाखवणे, एवढेच कंट्रोलचे काम आहे, आणि पुढचा प्रत्येक निर्णय याच कसोटीवर घासून घ्यावा.

उदाहरणासाठी गोव्यातील सत्तरी तालुका घेऊ. तिथे 2015 पासून क्यासानूर फॉरेस्ट डिसीजचे, म्हणजे लोकांच्या भाषेत माकडतापाचे, रुग्ण आढळू लागले. हा विषाणू गोचिडीच्या चाव्यातून माणसात येतो आणि काजूचा हंगाम व तापाचा हंगाम बराचसा एकच असतो. समजा, काजूच्या बागायतीत काम करणे आणि रानातून पातेरा (वाळलेला पाला) गोळा करून आणणे यांपैकी कशाचा तापाशी किती संबंध आहे, हे आपल्याला पाहायचे आहे.

सर्वप्रथम रुग्ण कोणत्या समूहातून आले ते लिहून काढावे. वाळपईच्या सामाजिक आरोग्य केंद्रात निदान झालेले रुग्ण बहुतेक सत्तरीचेच असतील; पण बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजमधील नोंदी घेतल्या, तर त्यांत शेजारच्या सिंधुदुर्गातील दोडामार्ग-सावंतवाडीकडून आलेले लोकही सापडतील. अशा वेळी रुग्ण दोन राज्यांचे आणि कंट्रोल मात्र फक्त सत्तरीचे, असे करून चालणार नाही. एक तर कंट्रोलचा समूह वाढवावा, नाही तर अमुक महिन्यांत सत्तरीत राहणारे रुग्णच घ्यावेत. मी दुसरा मार्ग पसंत करतो, कारण त्यात सीमा स्पष्ट राहते. प्रत्येक संभाव्य कंट्रोलबाबत स्वतःला एकच प्रश्न विचारावा: या माणसाला त्या आठवड्यात माकडताप झाला असता, तर तो माझ्या रुग्णांच्या यादीत आला असता का? उत्तर नकारार्थी असेल, तर तो कितीही सहज उपलब्ध असला तरी सोडून द्यावा. ज्यांना हा ताप पूर्वी होऊन गेला आहे, तेही याच कारणाने बाद होतात.

रुग्णालयातूनच कंट्रोल घेण्याचा मोह मोठा असतो, कारण माणूस खाटेवर असतो आणि मुलाखतीला वेळ देतो. शिकाऊ असताना अशाच एका अभ्यासासाठी मी अस्थिरोग वॉर्डातून कंट्रोल गोळा केले होते. हाड मोडण्याचा तापाशी काय संबंध, असा माझा हिशेब होता. दिवस मात्र एप्रिलचे होते आणि केसपेपर पुन्हा वाचताना लक्षात आले की, त्यातले बरेच जण झाडावरून पडलेले किंवा बागायतीच्या उतारावर घसरलेले होते. म्हणजे ज्या कामाचा परिणाम मोजायचा, त्याच कामाने माझे कंट्रोल वॉर्डात पोचले होते. ते सगळे फॉर्म बाजूला ठेवावे लागले. कंट्रोलमध्ये बागायतीत जाणाऱ्यांचे प्रमाण असे फुगले की संबंध असूनही तो दिसेनासा होतो. डॉल आणि हिल या ब्रिटिश संशोधकांच्या 1950 च्या लंडनमधील अभ्यासातही हा धागा आहे: फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या 649 पुरुष रुग्णांत धूम्रपान न करणारे फक्त 2 होते, तर तितक्याच कंट्रोलमध्ये 27. कंट्रोल इतर आजारांनी दाखल झालेले होते आणि त्यांतले काही आजारही धूम्रपानाशी जोडलेले असल्याचे पुढे कळले, त्यामुळे प्रत्यक्ष फरक याहून मोठाच असणार. रुग्णालयातील कंट्रोल घ्यायचेच असतील, तर एकाच निदानावर अवलंबून न राहता अनेक निदाने मिसळावीत आणि संशयित कारणाशी जोडलेली निदाने आधीच वगळावीत.

गावातून कंट्रोल घेताना चूक उलट्या दिशेने होते. मतदार यादीत मुले नसतात, आणि हंगामापुरते आलेले मजूरही सहसा नसतात. म्हणून आरोग्य सेविकेकडील घरांची यादी अधिक उपयोगी पडते. त्यातून चिठ्ठ्या टाकून घर निवडावे, आणि दाराला कुलूप दिसले तर लगेच शेजारच्या घरात शिरू नये. सकाळी अकरा वाजता वाड्यावर गेलात, तर "सगळे भाटात (बागायतीत) गेलेत, सांजेला या" हेच ऐकू येते. घरी सापडतात त्या म्हाताऱ्या बायका आणि आजारी माणसे. त्यांनाच कंट्रोल म्हणून घेतले, तर बागायतीत जाणारे कंट्रोलमधून गळतात आणि बागायतीचा धोका आहे त्याहून मोठा दिसतो. त्याच घरी संध्याकाळी आणि रविवारी, किमान तीनदा जावे.

प्रश्न विचारताना काळही जुळला पाहिजे. माकडताप साधारणपणे गोचीड चावल्यानंतर 3 ते 8 दिवसांनी येतो, म्हणून रुग्णाला ताप येण्याआधीच्या दहा दिवसांबद्दल विचारले, तर त्याच्या कंट्रोललाही तेच दहा दिवस विचारावेत. एप्रिलच्या रुग्णासमोर जूनमध्ये गाठलेल्या कंट्रोलचे जूनमधले दिवस ठेवले, तर आपण हंगामाचा फरक मोजू, कामाचा नव्हे.

आता मॅचिंग, म्हणजे वय-लिंगासारख्या बाबींत रुग्णाशी जुळणारा कंट्रोल निवडणे. वय आणि लिंग यांचा आजाराशीही संबंध असतो आणि रानात जाण्याशीही, शिवाय त्यांचा स्वतंत्र अभ्यास आपल्याला करायचा नसतो. म्हणून त्यांवर मॅचिंग करणे रास्त आहे. वयासाठी पाच वर्षांचा फरक चालतो. ज्यावर मॅचिंग केले त्याचा स्वतःचा परिणाम मात्र त्या अभ्यासातून मोजता येत नाही. व्यवसायावर मॅचिंग केले की बागायतीतल्या कामाचा प्रश्नच संपला. वाड्यावर मॅचिंग करण्यातही हाच धोका आहे, कारण एका वाड्यावरचे लोक पुष्कळदा एकाच बागायतीत जातात. रुग्ण आणि त्याचा शेजारी यांची उत्तरे सारखी येतात आणि जोडीतून काहीच निष्पन्न होत नाही. सत्तरीसाठी मी वय, लिंग आणि तारीख यांवर थांबेन आणि फार तर पंचायतीपर्यंत जाईन.

नेमक्या मॅचिंगचे उदाहरण म्हणून हर्बस्ट यांचा 1971 चा बॉस्टनमधील अभ्यास दाखवता येईल. योनीमार्गाच्या दुर्मीळ कर्करोगाच्या अवघ्या 8 तरुण रुग्ण होत्या. प्रत्येकीसाठी त्याच रुग्णालयात पाच दिवसांच्या आत जन्मलेल्या 4 मुली कंट्रोल म्हणून घेतल्या. 8 पैकी 7 रुग्णांच्या आयांनी गरोदरपणी डायइथिलस्टिलबेस्ट्रॉल हे संप्रेरक-औषध घेतले होते, 32 कंट्रोलपैकी एकीच्याही आईने नाही. रुग्ण मोजके असतील तेव्हा दर रुग्णामागे कंट्रोल वाढवावेत, पण चारच्या पुढे फारसा लाभ नाही: अगणित कंट्रोल मिळाले तर जी अचूकता येईल, तिच्या तुलनेत एकाने 50 टक्के, चारांनी 80 टक्के आणि पाचांनी जेमतेम 83 टक्के मिळते.

जोड्या लावल्या की विश्लेषणही जोडीनेच करावे. हे विसरले जाते. कल्पना करा, 60 जोड्या आहेत: 16 जोड्यांत दोघेही बागायतीत गेले, 20 मध्ये कोणीच नाही, 18 मध्ये फक्त रुग्ण आणि 6 मध्ये फक्त कंट्रोल. मॅच केलेला ऑड्स रेशो (कारण आणि आजार यांचा संबंध किती पट आहे हे सांगणारा आकडा) 18 भागिले 6, म्हणजे 3 येतो. जोड्या मोडून तेच आकडे साध्या चौकटीत भरले, तर तो सुमारे 2.26 वर उतरतो. एका रुग्णामागे अनेक कंट्रोल असतील किंवा इतर घटकही हिशेबात घ्यायचे असतील, तर कंडिशनल लॉजिस्टिक रिग्रेशन, म्हणजे जोड्या न मोडता हिशेब करणारी सांख्यिकी पद्धत, वापरावे. एकेक जोडी न लावता फक्त वयोगटांचे प्रमाण सारखे ठेवले असेल, तर साधे लॉजिस्टिक पुरते, मात्र ते वयोगट मॉडेलमध्ये घालावेच लागतात.

कोणती घरे बंद मिळाली, कोणी नकार दिला आणि त्या जागी कोणाला घेतले, याची वही पहिल्या दिवसापासून ठेवावी आणि ती संख्या अहवालातल्या पहिल्याच तक्त्यात द्यावी.