भयकथेवर फिल्म करताय? आमच्या या चुका टाळा

मेलेला मुलगा दारात उभा राहिला आणि हॉलमधले लोक हसले. इंदूरच्या मराठी मंडळींसाठी ठेवलेला आमच्या बावीस मिनिटांच्या फिल्मचा तो पहिला खेळ. डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्ज यांच्या १९०२ सालच्या ‘द मंकीज पॉ’ या कथेवरून आम्ही ती केली होती. ती का फसली हे शोधण्यात तीन महिने गेले. तुमचे वाचावेत म्हणून लिहितोय.

हशा पिकायच्या आधी मागच्या रांगेतल्या एक काकू शेजारणीला म्हणाल्या होत्या, “अगं, याला तर जाळलं ना? मग हा आला कुठून?”

सगळं दुखणं त्या प्रश्नात होतं. मूळ कथेत माकडाचा पंजा तीन इच्छा पुरवतो. बाप दोनशे पौंड मागतो. मुलगा कारखान्यात यंत्रात सापडून मरतो आणि भरपाई मिळते ती नेमकी दोनशे पौंड. मुलाला पुरलेलं असतं, म्हणूनच आईच्या हट्टाने बापाने दुसरी इच्छा मागितल्यावर तो कबरस्तानातून चालत येऊ शकतो. आम्ही नावं मराठी केली, घर राजवाड्यामागच्या एका वाड्यात नेलं, अपघात कापडगिरणीत घातला. इंदूरला गिरण्या होत्याच, तेवढं चपखल बसलं. पण चिता पेटली की या कथेचा पायाच जातो, हे कुणाच्याच लक्षात आलं नाही.

तेव्हा पटकथा लिहायच्या आधी विचारा, की ही भीती आपल्या घरात कुठे राहते? राही अनिल बर्वे यांच्या ‘तुंबाड’ या चित्रपटाने (२०१८) नारायण धारपांच्या ‘आजी’ या भयकथेतून बीज घेतलं आणि ते कोकणच्या पावसात रुजवलं. आम्हाला आमचं उत्तर दहाव्याच्या घाटावर सापडलं. पिंडाला कावळा शिवत नाही तेव्हा माणसं कशी गप्प होतात, हे पाहिलेल्याला वेगळं सांगायला नको. गेलेल्याची काहीतरी इच्छा राहिलीय हे प्रत्येकाला कळतं आणि जो तो मनातल्या मनात त्याला वचनं देऊ लागतो. इच्छांचीच गोष्ट ती! नव्या पटकथेत पिंड तसाच राहतो, ऊन चढतं, शेवटी दर्भाचा कावळा करून विधी उरकतात. त्या रात्री आई पंजा हातात घेते.

पंजा कुठून येतो, तेही बदलावं लागलं. इंग्रजी कथेत तो हिंदुस्थानातून येतो, कारण तिथल्या वाचकाला तो देश लांबचा. आम्ही आधी महूच्या सुभेदाराच्या हाती दिला होता. महू तर इथेच! आता तो ब्रह्मदेशच्या लढाईवरून परतलेल्या सुभेदाराकडे आहे.

दुसरी मोठी चूक दाखवण्याची. जेकब्ज दारामागचं कधीच दाखवत नाहीत. आई अडसर काढायला धडपडते, बाप अंधारात पंजा चाचपडून तिसरी इच्छा मागतो, आणि दार उघडतं तेव्हा रस्ता रिकामा असतो. आम्ही मात्र निम्मे पैसे जखमांच्या मेकअपवर घातले. ते सगळं काढून टाकलं. आता फक्त कडी वाजते.

ती कडी नीट ऐकू यावी म्हणून फार खटपट केली. वाड्याजवळच सराफा बाजार, तिथे रात्री दोनपर्यंत खवय्यांची गर्दी. पहिल्या वेळी तो गलका झाकायला आम्ही संगीत ओतलं आणि भीती बुडाली. दुसऱ्यांदा पहाटे चारला कडी वेगळी रेकॉर्ड केली. प्रत्येक खोलीची नुसती शांतताही मिनिटभर रेकॉर्ड करून ठेवा. दोन शॉटमधली शांतता जुळली नाही तर जोड कानाला लगेच कळतो.

शेवटी बाप दार उघडतो. गल्लीत कुणी नाही. उंबऱ्यावर भाताची शितं विखुरलेली. हा शॉट अकरा सेकंदांचा आहे. संकलनात तो कमी करावासा तीनदा वाटलं, पण ठेवला.