पॉइंट टू टू पिस्तूल अडतं तेव्हा

बालेवाडीच्या रेंजवर माझं पिस्तूल रॅपिडमध्ये, म्हणजे झटपट गोळ्या झाडायच्या फेरीत, नेमकं चौथ्या गोळीला अडायचं. दोन महिने मी पिस्तुलाला शिव्या घातल्या. दोष निघाला मॅगझिनचा, म्हणजे गोळ्या भरायच्या डबीचा. कधीतरी ते फरशीवर पडलं होतं आणि तोंडाची एक कड केसभर आत वाकली होती.

म्हणून सांगते, आधी दोन्ही मॅगझिनवर १, २ असे आकडे घाला. दरवेळी एकच अडत असेल तर शोध संपला. दोन्ही अडत असतील तर एक्स्ट्रॅक्टरच्या, म्हणजे रिकामी पुंगळी बाहेर ओढणाऱ्या भागाच्या, नखाखाली बघा. या काडतुसाची गोळी शिशाची, वर मेणाचा हात. त्याचा आणि काजळीचा काळा चिकटा तिथेच बसतो. जुना टूथब्रश घ्या, मग तेलाचा एकच थेंब. जास्त तेल म्हणजे काजळीला आवतण! मनगट सैल असलं तरी बोल्ट, म्हणजे गोळी सुटली की मागे सरकणारा भाग, पुरता मागे जात नाही, पण हे कबूल करायला मला वर्ष लागलं.

गोळी उडालीच नाही, तर नळी लक्ष्याकडेच, बोट ट्रिगरबाहेर, ३० सेकंद थांबा आणि मोकळा हात वर करून रेंज ऑफिसरला बोलवा.

साफसफाईआधी मॅगझिन बाहेर, चेंबर, म्हणजे नळीतली काडतुसाची जागा, डोळ्यांनी बघा, करंगळीने चाचपा. ठेवताना चेंबरमध्ये नारिंगी सेफ्टी फ्लॅग, म्हणजे पिस्तूल रिकामं असल्याची खूण. माझे सारखे हरवतात, म्हणून पेटीत तीन असतात.