उन्हाळ्यात लावलेली छाट कलमं का दगावतात? या चुका टाळा

एप्रिल-मेमध्ये लावलेली जास्वंदाची नाहीतर डाळिंबाची काडी वाळली की बहुतेक जण ती उपटून फेकतात आणि त्याच कुंडीत दुसरी खोचतात. फेकण्याआधी तिचं खालचं टोक बघा, नखाने साल खरवडा, वास घ्या. चूक कुठे झाली ते तिथेच कळतं.

टोक काळं पडलंय, बोटाने दाबलं की साल सुटून येते आणि आंबूस वास येतो, म्हणजे काडी कुजली. पाणी जास्त झालं किंवा मातीत हवा खेळत नव्हती. टोक कोरडंठाक आहे आणि शेंड्याकडून खाली तपकिरी होत आलंय, म्हणजे ती पहिल्या दोन-तीन दिवसांतच सुकली होती, आपल्याला कळायला आठवडा लागला. तिसरा प्रकार असा, की साल खरवडली तर आत हिरवी, टोकाशी पांढुरकी खडबडीत गाठ, पण मुळी एकही नाही. ही काडी जिवंत आहे. तिचं काय करायचं ते शेवटी येईल.

मुळं फुटेपर्यंत काडीला पाणी जेमतेमच ओढता येतं, पानं मात्र पाणी सोडतच राहतात. उन्हाळ्यात हा मधला काळ निभावणं अवघड जातं. खालच्या जवळजवळ सगळ्या चुका तिथल्याच आहेत.

काडी निवडताना

जास्वंद, मोगरा, तगर यांना निमजून काडी हवी: शेंडा हिरवा, बुडखा किंचित तपकिरी. वाकवून बघा. दोरीसारखी वळली तर कोवळी आहे, कुजेल. टचकन मोडून सालीला लोंबकळली तर योग्य. अजिबात वाकत नसेल तर ती जून काडी, आणि या झाडांची जून काडी मुळं धरायला फार वेळ घेते. डाळिंब आणि अंजीर यांचं उलट आहे. त्यांना पेन्सिलीएवढी जाड, सहा महिने ते वर्षाची पक्की काडी लागते, लांबी २० ते २५ सेंमी. फुलझाडांना १२ ते १५ सेंमी पुरे, पण किमान ३ पेरं हवीत. कळ्या-फुलं असतील तर खुडून टाका, नाहीतर साठवलेलं अन्न तिकडेच खर्च होतं.

डाळिंबाच्या बाबतीत काडीपेक्षा मातृवृक्ष, म्हणजे जिची काडी घेणार ते झाड, आधी तपासा. पानांवर तेलकट डाग किंवा फळावर चिरलेले काळे ठिपके दिसले तर त्या झाडाची काडी घ्यायचीच नाही. तेल्या रोग रोपांबरोबर नव्या बागेत जातो, आणि एकदा आला की हटत नाही.

काप आणि पानं

काडी सकाळी आठच्या आत काढा. तेव्हा तिच्यात पाणी भरलेलं असतं. काढल्याबरोबर ओल्या फडक्यात गुंडाळा. उन्हात पाच मिनिटं राहिलेली काडी वरून ताजी दिसली तरी तिचं पाणी गेलेलं असतं. खालचा काप डोळ्याच्या (जिथून कोंब फुटतो त्या जागेच्या) लगेच खाली तिरका, वरचा काप डोळ्याच्या सेंटिमीटरभर वर सरळ. ही खूण ठेवली की काड्या उलट्या लागत नाहीत. पान नसलेल्या डाळिंबाच्या जुडीत उलटी काडी लावणं ही अगदी नेहमीची चूक आहे.

निमजून काडीची सगळी पानं काढू नका. मुळं फुटायला लागणारं अन्न आणि संजीवक (वाढीचं हार्मोन) पानांतूनच येतं. वरची दोन पानं ठेवा, मोठी असली तर कात्रीने अर्धी करा. मातीला टेकणारं पान आधी कुजतं आणि बुरशी काडीत उतरते, म्हणून खालची काढाच.

अंजिराचा चीक अर्धा तास गळू द्या, ओल्या कापडाने पुसा, मग लावा. देवचाफ्याची काडी सावलीत ५ ते ८ दिवस सुकवूनच लावायची. ताजी लावली की बुडखा मऊ होतो. कण्हेर कापली तर हात साबणाने धुवा, तिचा चीक विषारी आहे.

शेणखत नको

मूळ नसलेल्या काडीला खताचा उपयोग शून्य. उलट खतातले क्षार आणि बुरशी तिला मारतात. कुंडीतली काळी माती तर नकोच, ती पाणी धरून ठेवते आणि हवा बंद करते. अर्धं कोकोपीट, अर्धी धुतलेली जाडी नदीची वाळू किंवा परलाइट घ्या. कोकोपीट दोन-तीन पाण्यांतून धुवून पिळा, त्यात क्षार असतात. समुद्रकाठची वाळूही त्याच कारणाने टाळा. तयार मिश्रण मुठीत आवळलं तर एक-दोन थेंबच पडावेत, धार लागता कामा नये.

पावडर आणि घरगुती टोटके

बाजारातल्या रूटिंग पावडरमध्ये आयबीए हे मुळं फुटवणारं संजीवक असतं. बुडखा पाण्यात बुडवून झटका, पावडरीत सेंटिमीटरभर टेका आणि जादा पावडर टिचकीने पाडा. थर जाड झाला तर टोक जळतं. डबीत थेट काडी बुडवू नका, चमचाभर पावडर कागदावर घ्या. मातीत आधी काठीने भोक पाडा, मग काडी घाला. नुसती खुपसली तर पावडर वरच पुसली जाते. दोन डोळे मातीत गेले पाहिजेत.

द्रावण करणार असाल तर डाळिंबासाठी २००० पीपीएम (दहा लाख भागांत २००० भाग) चालतं: २०० मिलिग्रॅम आयबीए आधी ५० मिली स्पिरिटमध्ये विरघळवा, मग पाण्याने १०० मिली करा. पाण्यात थेट टाकलं तर ते विरघळत नाही. बुडखा ५ सेकंद बुडवायचा, रात्रभर नाही.

मध, दालचिनी, कोरफड यांनी काही बिघडत नाही, पण संजीवकाची जागा ती घेत नाहीत. गुलाबाची काडी बटाट्यात खोचून लावायचा प्रकार मात्र सोडा. बटाटा कुजतो, नाहीतर बटाट्याचंच झाड येतं.

प्लास्टिकची पिशवी उन्हात

दमटपणासाठी पिशवी किंवा कापलेली बाटली घालणं बरोबर आहे, पण ती उन्हात ठेवली की आत काडी शिजते. जागा घराच्या उत्तरेला, आंब्याच्या सावलीत किंवा ७५ टक्के शेडनेटखाली हवी. पिशवीत आतून बारीक दव असावं. दव नसेल तर फवारा मारा. पाणी ओघळत असेल तर दोन तास तोंड उघडं ठेवा. रोज दहा मिनिटं हवा द्याच. कूलरच्या झोतात कुंडी ठेवू नका, तो वारा दिसायला गार असला तरी पानं वाळवतो. मातीला पाणी पृष्ठभाग किंचित सुकल्यावरच, पानांवर फवारा दिवसातून तीन-चारदा. विदर्भ-मराठवाड्यात पारा ४२ च्या वर असेल आणि अशी जागा नसेल, तर मृग लागेपर्यंत थांबलेलं बरं.

पालवी फुटली म्हणजे काडी लागली असं नाही

सगळ्यात जास्त काड्या इथे जातात. डाळिंबाची काडी पंधरा दिवसांत साठवलेल्या अन्नावर पालवते, मुळं यायला मात्र ६ ते ८ आठवडे लागतात. लोक पालवी बघून कुंडी उन्हात नेतात, खत घालतात, आणि तिसऱ्या आठवड्यात पालवी मान टाकते. जास्वंदाला ४ ते ५ आठवडे, मोगऱ्याला ५ ते ६, बोगनवेलीला ६ ते ८ धरा. तोवर उपटून बघू नका, कोवळी मुळी लगेच तुटते. पारदर्शक पेल्यात लावली तर बाहेरूनच दिसतं.

आंबा, चिकू, पेरू, सीताफळ, सोनचाफा यांच्या काडीवर उन्हाळा वाया घालवू नका. आंब्याला कोय कलम, चिकूला खिरणीवर कलम, पेरूला दाब किंवा गुटी कलम (फांदी झाडावर असतानाच तिला मुळं फुटवणं).

आता ती गाठ आलेली काडी. गाठीच्या वर दोन सेंमी साल दोन बाजूंनी हलकी खरवडा, पुन्हा पावडर लावा आणि नव्या मिश्रणात लावा. मुळं ३-४ सेंमी झाली की अर्धी माती, पाव वाळू, पाव गांडूळखत भरलेल्या पिशवीत हलवा. आठ दिवस पूर्ण सावली, मग फक्त सकाळचं ऊन. युरिया महिनाभर तरी दूर ठेवा.