उकेमी (सुरक्षित पडणं) कच्ची आणि तोड शिकायची घाई: काएशी-वाझाच्या या चुका टाळा

ऐकिदोत काएशी-वाझा म्हणजे नागेच्या (डाव टाकणाऱ्याच्या) डावावर उकेने (ज्याच्यावर डाव पडतो त्याने) काढलेली तोड. इक्क्यो हा कोपरावर ताबा घेण्याचा पहिला डाव जेमतेम हातात बसला की नवशिक्यांना ती हवी असते. देऊ नका.

सगळ्यात डोकं फिरवणारी चूक म्हणजे अडवण्यालाच तोड समजणं. सराव शिहोनागेचा (उकेचा हात धरून त्याखालून वळायचं आणि त्याला मागे पाडायचं, त्या डावाचा) चाललाय, हे उकेला ठाऊकच असतं. नागे हाताखालून वळायला लागला की हा कोपर ताठ करतो, पाय रोवतो आणि “होत नाहीये” म्हणून हसतो. कुठला डाव येणार हे आधीच कळल्यावर कुणीही अडवेल; त्यात कसब कसलं? मग नागे चिडून जोर लावतो. हात उकेच्या खांद्याजवळ दुमडण्याऐवजी बाहेर ओढला जातो, कोपर पिळलं जातं. ताठ उके मागे कोसळतो, हनुवटी छातीशी घ्यायला सवडच नाही. डोकं थेट तातामीवर (सरावाच्या गादीवर).

खरी तोड फटीत शिरते. वळताना नागेने तोल मोडला नाही आणि पकडलेला हात स्वतःच्या कपाळापासून लांब राहू दिला, तर उकेला नागेच्या मागोमाग त्याच हाताखालून वळता येतं आणि शिहोनागे नागेवरच उलटतो. रोवलेल्या पायांनी हे जमत नाही.

मागची उकेमी दोन्ही बाजूंनी, धप्प आवाज न होता जमेपर्यंत मी तोडीचं नावही काढत नाही. साधारण तिसऱ्या क्यूच्या (क्यू म्हणजे ब्लॅक बेल्टआधीची श्रेणी) आसपास सुरुवात, तीही इक्क्योपासून. आठ वेळा सरळ डाव, मग दोनदा निम्म्या वेगाने तोड. त्या दोन वेळी नागे उकेचं कोपर त्याच्या चेहऱ्याकडे न ढकलता मुद्दाम स्वतःकडे ओढतो. उके कोपर खाली सोडून आत शिरतो. फट कुठे ठेवायची हे नागेला कळत नसेल, तर त्याला डावच कळलेला नाही. परत सरळ डावावर.

निक्यो आणि कोतेगाएशी या मनगटावरच्या डावांच्या तोडी आणखी उशिरा: मनगट दुखतंय हे कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

आपल्यापेक्षा नवख्या नागेवर तोड करू नका. पुढच्या वेळेपासून तो घाबरून कोपर आवळूनच धरतो आणि ती खोड सुटायला महिने जातात.

तोडीवर तोड? आधी ब्लॅक बेल्ट बांधा.